सीमेवरचे गाव, रंगमंच आणि नागरिक

बेळगावच्या जुन्या वस्तीत आजही अशी वृद्ध माणसे भेटतात, की ज्यांनी आपले राहते घर कधी सोडले नाही आणि तरीही ज्यांच्या पत्त्यावरचे राज्य दोनदा बदलले. त्यांचा जन्म मुंबई इलाख्यात झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळता, म्हैसूर राज्यात गेला. १ नोव्हेंबर १९७३ रोजी त्या राज्यास कर्नाटक हे नाव मिळाले, आणि २०१४ साली त्याच तारखेस शहराचे अधिकृत नाव बेळगावी असे झाले. घर तेच, अंगणातले तुळशीवृंदावन तेच. पाकिटावरच्या ओळी तेवढ्या बदलत गेल्या.

अशा माणसास 'तुम्ही कुठले?' असा साधा प्रश्न विचारला, तर तो क्षणभर थांबतो. गाव सांगावे, भाषा सांगावी, राज्य सांगावे की देश सांगावा, याचा तो मनाशी हिशेब करीत असतो. बृहन्महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आमच्या वाचकांना हे थांबणे ठाऊक आहे. बडोदे, इंदूर, हैदराबाद किंवा तंजावर येथील मराठी कुटुंबांतही हा प्रश्न घरी-दारी विचारला जातो. फरक इतकाच, की तेथे माणूस प्रांत सोडून गेला आणि येथे प्रांतच माणसाला सोडून गेला.

वस्तुतः कायद्याच्या दृष्टीने उत्तर सोपे आहे. आपल्या राज्यघटनेने नागरिकत्व एकच मानले आहे. भारताचा नागरिक हा भारताचाच नागरिक असतो. महाराष्ट्राचे वा कर्नाटकाचे वेगळे नागरिकत्व घटनेत नाही. परंतु कायद्याचे उत्तर मनात उतरावयास पुष्कळ काळ लागतो, आणि ते उतरविण्याचे जे थोडे मार्ग आहेत त्यांत नाटक हा एक जुना व परिणामकारक मार्ग आहे, असे आमचे मत झाले आहे. भाषण एका बाजूने करता येते. नाटकात समोरच्या पात्रालाही बोलू द्यावे लागते, आणि ते पात्र जिवंत वाटावयाचे तर त्याचेही म्हणणे खरे वाटावे लागते.

सीमाप्रश्नाचा निवाडा हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. महाराष्ट्र शासनाने २००४ साली दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयापुढे आहे, आणि जे न्यायासनापुढे आहे ते तेथेच राहू द्यावे. आम्हांस सांगावयाचे आहे ते एवढेच, की या भागातील लोकांनी रंगमंचावरून नागरिकत्वाचा धडा कसा गिरविला, आणि तो पुढे कसा गिरविता येईल.

दोन भाषांचे ऋण

मराठी रंगभूमीच्या जन्मकथेतच या विषयाचे बीज आहे. कारवारकडील कर्की या गावची भागवत मंडळी १८४२ साली सांगलीस आली. त्यांचे खेळ कानडी यक्षगानाच्या धर्तीचे होते. ते पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना तसे मराठीत करून दाखविण्यास सांगितले, आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीतास्वयंवरा'चा प्रयोग झाला. आज तो दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. म्हणजे ज्या दिवसाचा आपणांस अभिमान आहे, त्या दिवसाची प्रेरणा कानडी मुलखातून आलेली आहे.

दुसरे उदाहरण तर बेळगाव जिल्ह्यातलेच. अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म ३१ मार्च १८४३ रोजी या जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. बेळगावात असताना त्यांनी नाटक मंडळी काढली, 'शांकरदिग्विजय' लिहिले, आणि पुढे ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'शाकुंतला'चा प्रयोग करून संगीत नाटकाचे युग सुरू केले. १८८५ साली त्यांनी देह ठेवला तोही गुर्लहोसूरलाच. सभोवार कानडी बोलली जाणाऱ्या गावात वाढलेल्या माणसाने मराठी संगीत रंगभूमीस रूप दिले. नंतर या मराठी मंडळ्या हुबळी-धारवाडकडे फिरू लागल्या आणि त्यांना तोडीस तोड म्हणून कानडी नाटक मंडळ्या उभ्या राहिल्या. गदगच्या शांतकवींचे नाव त्यांत आदराने घेतले जाते. एका हाताने घेतलेले ऋण दुसऱ्या हाताने असे फेडले गेले.

पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात अध्यापक होते. 'गणगोता'तील त्यांचे रावसाहेब ज्यांनी वाचले आहेत, त्यांना मराठी व कानडी एकाच वाक्यात सुखाने नांदू शकतात हे वेगळे सांगावयास नको. आमच्या भागातील सामान्य माणसाची भाषा अशीच आहे. तिच्यात भांडण नाही. भांडण येते ते अर्जाच्या कागदावर, पाटीवर आणि शाळेच्या दारात.

फडावर घडलेला नागरिक

देव-दानवांच्या नाटकातून माणूस प्रजा म्हणून घरी जात असे. नागरिक म्हणून त्याला प्रथम हाक मारली ती जलशांनी. जोतीराव फुले यांनी १८५५ सालीच 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून शिक्षणाचा प्रश्न पात्रांच्या तोंडी घातला होता. १८७३ साली स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने पुढे तमाशाचाच साचा घेऊन जलसे उभे केले. गण राहिला, सोंगाड्या राहिला, ढोलकी राहिली. बदलला तो विषय. सावकाराचे खाते, भटजीची दक्षिणा, अंगठ्याचा ठसा या गोष्टी फडावर आल्या. कोल्हापूरच्या आसमंतात हे वारे जोरात होते, आणि निपाणी ही त्या आसमंतातलीच बाजारपेठ.

१९२५ साली निपाणीत बहिष्कृत वर्गाची परिषद भरली, तीस डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते. ज्या माणसास विहिरीवर पाणी भरता येत नाही त्याला 'तू या देशाचा घटक आहेस' असे सांगणारी ती वेळ. १९३० नंतरच्या दशकात भीमराव कर्डक यांच्यासारख्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. घटना लिहिली जाण्यापूर्वी तिचा मथितार्थ असा ढोलकीच्या तालावर अशिक्षित माणसापर्यंत पोहोचत होता.

तिसरा टप्पा कलापथकांचा. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने आपल्या लोकनाट्यांनी तरुणांच्या एका पिढीस वेड लावले, पु. लं.चे 'पुढारी पाहिजे' हे त्या कलापथकाचेच. १९४६ साली बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, आणि त्यानंतरच्या लढ्यात शाहिरांच्या डफाने जे केले ते शेकडो सभांनी झाले नसते. अण्णाभाऊंच्या 'माझी मैना' या छक्कडीत बेळगावचे नाव आहे. ते ऐकताना येथील वृद्धांचे डोळे अजूनही पाणावतात.

या कलापथकांचे सामर्थ्य निर्विवाद होते. तथापि त्यांची एक मर्यादाही ध्यानी घ्यावयास हवी. कलापथक श्रोत्याला जागे करी, चेतवी, मोर्चात आणून उभे करी. पण बोलणारा मंचावर आणि ऐकणारा खाली, ही रचना तशीच राही. श्रोत्याने आपले म्हणणे मांडावे, मंचावरच्या शाहिराला 'तुझे हे चुकले' म्हणावे, यास तेथे वाव नव्हता. लढ्याच्या धामधुमीत तो नसणे स्वाभाविकही होते. लढा लांबला, वर्षांमागून वर्षे गेली, महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली येऊन पडला, की मग केवळ चेतविण्याने भागत नाही. रोजच्या जगण्याचा प्रश्न शिल्लक उरतो.

निपाणीचा अनुभव

निपाणीत हा रोजचा प्रश्न तंबाखूच्या वखारींतून उभा राहिला. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या, कुटणाऱ्या हजारो स्त्रिया धुळीत दिवस काढीत. नाकातोंडाला फडके, हातात चाळण, मजुरी तुटपुंजी आणि मालकासमोर वर मान करण्याची चोरी. १९८० च्या सुमारास त्या संघटित झाल्या. असंघटित समजल्या जाणाऱ्या स्त्रियांनी सभा घेतल्या, मोर्चे काढले, आपली गाऱ्हाणी आपल्या तोंडाने मांडली. अनिल अवचट यांनी त्यांच्याविषयी लिहिले. 'युगांतर' या चित्रपटगटाने १९८२ साली त्यांच्याशी चर्चा करून, त्यांच्या सहभागाने एक माहितीपट घडविला. त्यांचे दुःख दुसऱ्या कुणी सांगावयाचे नव्हते. त्या स्वतःच सांगत होत्या.

१९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू-उत्पादक शेतकऱ्यांनी याच निपाणीजवळ पुणे-बंगलोर महामार्ग अडविला. आंदोलनाचा शेवट गोळीबारात झाला, शेतकऱ्यांचे बळी गेले. त्या रस्त्यावर मराठी बोलणारा शेतकरी होता तसा कानडी बोलणाराही होता. तंबाखूच्या भावाला भाषा नव्हती. याच काळात निपाणी-गडहिंग्लज परिसरातील कार्यकर्त्यांनी देवदासींचा प्रश्न हाती घेतला होता, आणि १९८२ साली कर्नाटकाच्या विधिमंडळाने देवदासी-प्रथेस बंदी करणारा कायदा केला. सौंदत्तीच्या डोंगरावर सोडलेली मुलगी कोणत्या राज्याची, हा प्रश्न कुणी विचारीत नव्हते; ती या देशाची नागरिक आहे की नाही, हा प्रश्न होता.

त्याच दशकात भाषेचा वणवाही पेटला, हे विसरता येत नाही. १९८२ साली गोकाक समितीच्या शिफारशींवरून कर्नाटकात कन्नडच्या प्राधान्यासाठी मोठे आंदोलन झाले. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्ध बेळगाव भागात आंदोलन झाले आणि गोळीबारात माणसे दगावली. दोन्ही बाजूंची माणसे आपापल्या भाषेच्या भवितव्याने व्याकूळ झाली होती. या दशकावर नाटक लिहावयाचे तर वखारीतली स्त्री, महामार्गावरचा शेतकरी आणि भाषेसाठी रस्त्यावर आलेला विद्यार्थी या तिघांनाही एकाच मंचावर आणावे लागेल. एकालाही वगळले, तर ते नाटक पत्रक होईल.

गावाचे नाटक कसे उभे राहते

आता आमच्या प्रत्यक्ष उद्योगाविषयी थोडेसे. बेळगाव तालुक्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरे यांसारख्या गावी ग्रामस्थ आपल्या खर्चाने मराठी साहित्य संमेलने भरवितात, हे वाचकांस माहीत असेलच. २०१५ साली अखिल भारतीय नाट्य संमेलनही श्रीमती फैय्याज यांच्या अध्यक्षतेखाली बेळगावात झाले. संमेलनात गाव श्रोता असते. गावाने स्वतः नाटक रचावयाचे तर रीत निराळी धरावी लागते. ती आम्ही आमच्या भागातील एका गावी शाळेतील मुले, माजी विद्यार्थी आणि ग्रामस्थ यांच्या साह्याने धरून पाहिली.

पहिल्या महिन्यात संहिता लिहावयाचीच नाही, असा दंडक होता. मुलांनी घरोघर जाऊन एकच प्रश्न विचारावयाचा: 'कागदासाठी तुम्ही शेवटचे केव्हा अडलात?' उत्तरे वहीत जशीच्या तशी उतरवून घ्यावयाची. जमिनीचा उतारा कानडीत आला आणि वाचता आला नाही. रेशनकार्डावर नाव कानडीतून इंग्रजीत जाताना बदलले. मुलाचे आडनाव दाखल्यावर एक आणि आधारपत्रावर दुसरे. चंदगडला दिलेल्या मुलीचे नाव माहेरच्या यादीतून गेले आणि सासरच्या यादीत आले नाही. सीमेच्या प्रश्नावर मोठे भाषण करणारी माणसेही या प्रश्नापाशी आली की हळू आवाजात बोलू लागत, असे मुलांनी टिपले आहे.

त्यातून एक प्रवेश निवडला: कचेरीची खिडकी. खिडकीबाहेर मराठी शेतकरी, आत कानडी कारकून. पात्रे वाटताना आम्ही एक युक्ती केली. मराठी घरच्या मुलाला कारकून केले आणि शेजारच्या कानडी शाळेतील मुलाला शेतकरी. कारकुनाच्या भूमिकेतील मुलगा आधी उगाच डाफरत असे. तालमीस बसलेल्या एका आज्जींनी त्याला थांबविले. "गुरुजी," त्या आम्हांस म्हणाल्या, "खिडकीतला माणूस असा ओरडत नाही. तो बोलतच नाही. तेच जास्त लागतंय बघा." त्या एका वाक्याने प्रवेश बदलला. मुलगा गप्प बसू लागला आणि समोरचे प्रेक्षक अस्वस्थ होऊ लागले.

पुढच्या तालमीत एका निवृत्त कारकुनाने आपले म्हणणे मांडले. दिवसाला किती कागद येतात, वरून कोणता हुकूम असतो, मराठी वाचता येत नसताना मराठी अर्ज हाती आला म्हणजे काय वाटते, हे त्यांनी शांतपणे सांगितले. मग कारकुनालाही एक स्वगत मिळाले. ब्राझीलचे नाट्यकर्मी आउगुस्तो बोआल यांनी अशा प्रयोगांचे शास्त्रच बनविले आहे. त्यांच्या पद्धतीत अन्यायाचा प्रसंग एकदा अखेरपर्यंत दाखवितात; दुसऱ्यांदा तो सुरू झाला, की प्रेक्षकांपैकी कोणीही 'थांबा' म्हणून मंचावर यावे, अडलेल्या पात्राची जागा घ्यावी आणि निराळे काही करून पाहावे. आम्ही देवळाच्या सभामंडपात हेच केले. पहिला माणूस मंचावर येऊन रागावला. प्रसंग तेथेच अडला. दुसऱ्याने ओळखीच्या माणसाचे नाव घेतले. काम झाले, पण मागे उभे असलेल्यांचे अडले, हे प्रेक्षकांनीच दाखवून दिले. तिसऱ्या खेपेस बचतगटातील एक बाई आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, काय लिहिलंय तेवढं वाचून दाखवा. नाही म्हणणार असाल तर नाही म्हणूनच लिहून द्या." सभामंडपात बराच वेळ कुणी बोलले नाही.

प्रयोगानंतरच्या चर्चेत आम्ही राज्यघटनेची तीन कलमे वाचून दाखविली. २९ वे कलम आपली भाषा, लिपी व संस्कृती जतन करण्याचा हक्क देते. ३५०-अ हे कलम भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची पुरेशी सोय करण्याचे कर्तव्य राज्यांवर व स्थानिक सत्तांवर सोपविते. ३५०-ब अन्वये भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमला जातो. यांतील शेवटची दोन कलमे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आली. म्हणजे ज्या दुरुस्तीने राज्यपुनर्रचनेस घटनेत जागा करून दिली, तिनेच अल्पसंख्य होऊन राहणाऱ्यांसाठी हा आधारही ठेवला. गावातील पुष्कळांनी हे प्रथमच ऐकले. त्याच आठवड्यात ग्रामस्थांनी उताऱ्याच्या मराठी प्रतीसाठी अर्ज केला. अर्ज मराठीत लिहिला. त्याचा कानडी अनुवाद नाटकात शेतकरी झालेल्या मुलाने केला. उत्तर अद्याप यावयाचे आहे. पण अर्जाची पोच सही-शिक्क्यानिशी घेऊन माणसे परतली, आणि आमच्या मते तो नाटकाचा खरा अखेरचा प्रवेश होता.

सांभाळावयाच्या गोष्टी

असे नाटक करताना काही पथ्ये पाळावी लागतात. मुलांच्या तोंडी मोठ्यांच्या घोषणा घालू नयेत. मूल हे कुणाच्याही चळवळीचे साधन नव्हे. ज्या घरची हकीकत घेतली त्या घराची अनुमती घ्यावी, आणि नावे-खुणा बदलाव्या. दुसऱ्या भाषेच्या माणसास हास्यास्पद करू नये. कानडी माणसाचे मोडके मराठी ऐकून हशा मिळतो खरा, पण तोच हशा आपल्या मुलाच्या मोडक्या कानडीवर पलीकडे पिकत असतो. आणि नाटकाचा शेवट गोड करण्याची घाई करू नये. सीमेवरील जीवनात जे प्रश्न सुटलेले नाहीत ते मंचावर सुटलेले दाखविले, तर प्रेक्षक टाळ्या वाजवितो आणि निश्चिंत होऊन झोपी जातो.

आणखी एक गोष्ट अधिक नाजूक आहे. 'राष्ट्रीय एकात्मता' या शब्दांवर शाळा-शाळांतून पुष्कळ नाटुकली होतात. त्यांत निरनिराळ्या प्रांतांचे पोशाख घातलेली मुले हात धरून उभी राहतात. ते दृश्य गोजिरे असते, यात शंका नाही. परंतु शेजारच्या घरातील माणसाची अडचण ऐकून घेण्याची सवय त्यातून लागत नाही, आणि त्या सवयीवाचून राष्ट्र ही कल्पना नकाशावरच राहते.

बृहन्महाराष्ट्रातील कुटुंबांस

आमच्या वाचकांपैकी बहुतेक आपापल्या गावच्या महाराष्ट्र मंडळात गणेशोत्सवाचे नाटक बसवीत असतील. पुण्या-मुंबईत गाजलेली नाटके आपण तेथे करतो, ती अवश्य करावी. पण एखाद्या वर्षी आपल्याच वसाहतीची गोष्ट मंचावर आणून पाहावी, अशी आमची विनंती आहे. आपले पूर्वज या गावी कोणत्या निमित्ताने आले, पहिले घर कुणी भाड्याने दिले, मुलांनी स्थानिक भाषा कुणाकडून शिकली, जनगणनेच्या वेळी मातृभाषेच्या रकान्यात काय लिहिले आणि का, हे वडीलधाऱ्यांस विचारावे. ज्या शेजाऱ्यांनी आपल्याला सामावून घेतले त्यांनाही तालमीस बोलवावे, आणि त्यांच्या बाजूने ती गोष्ट कशी दिसते ते त्यांना सांगू द्यावे.

ही कल्पना नवी नव्हे. तंजावरचे शहाजीराजे, ज्यांनी १६८४ ते १७१२ पर्यंत राज्य केले, त्यांच्या नावावर 'पंचभाषाविलास' नावाचे नाटक आहे. त्यातील पात्रे तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा पाच भाषांत बोलतात, आणि कुणाचेही कुणावाचून अडत नाही. महाराष्ट्राबाहेर राज्य करणाऱ्या मराठी राजाला आपल्या प्रजेचे चित्र रंगमंचावर काढावयाचे तर एका भाषेने भागणार नाही, हे तीनशे वर्षांपूर्वी उमगले होते. त्याच्या प्रजेतल्या माणसाला मात्र राजापुढे 'थांबा' म्हणून मंचावर येण्याची मुभा नव्हती. ती मुभा आपल्याला १९५० साली मिळाली. ती वापरण्याची तालीम कुठेतरी करावी लागते, आणि देवळाचा सभामंडप, शाळेची ओसरी किंवा मंडळाचे छोटेसे सभागृह यांहून त्यासाठी अधिक सोयीची जागा आम्हांस माहीत नाही.